बावन्न पावलांवरचं झाकण

आमच्या घरातलं कुठलंही अंतर मला विचारा. पलंगापासून न्हाणीघर अकरा पावलं, न्हाणीघरापासून शेगडी सात, शेगडीपासून दारातली पायरी तेरा. यातलं एकही मी मोजलेलं नाही. मोजणारे आमचे हे. एकेचाळीस वर्षं एका माणसाबरोबर काढली की नको ते पाठ होतं.

हे टेलिफोन खात्यात लाइनमन होते. चौतीस वर्षं नोकरी झाली, निम्मी खांबावर आणि निम्मी जमिनीखाली. रस्त्याखालून टेलिफोनच्या तारांचे पाइप जायचे, मधे मधे चेंबर असायचे आणि चेंबरवर लोखंडी झाकण. रस्ता नव्यानं डांबरला की झाकण गडप. मग यांना बोलवायचे. हे एखादी पायरी नाहीतर कठडा धरून तिथून चालत निघायचे, मधेच थांबायचे आणि टाच आपटून म्हणायचे, “इथं.” तिथं पहार मारली की ठण्ण वाजायचं. यांना काम शिकवणाऱ्या म्हाताऱ्यानं पहिल्याच आठवड्यात सांगितलं होतं की टेप ऑफिसात राहते, पाय कुठे राहत नाहीत. ते यांनी जे धरलं ते धरलं. खात्यात सगळे यांना फूटपट्टी म्हणायचे, साहेबसुद्धा. यांना त्याचा राग नव्हता, उलट छाती फुगायची.

मी कपडे दुरुस्त करते. उसवलेलं शिवायचं, चेन बदलायची, लांब पँट आखूड करायची. म्हणजे माझ्या गळ्यात टेप आणि यांच्या पायात. एका घरात दोन टेपा असल्यावर भांडणाला काय तोटा.

लग्नानंतर पहिल्यांदा आम्ही दोघं फिरायला निघालो, तेव्हा मला वाटलं आता काहीतरी गोड बोलतील. हे सरळ रस्त्याच्या कोपऱ्यावर विजेच्या खांबापाशी जाऊन थांबले, मागे वळले आणि म्हणाले, “शहाण्णव.” मी तेव्हा निम्म्या वाटेत धापा टाकत होते. यांची ढांग म्हणजे ढांग होती. त्यांच्या दोन पावलांच्या अंतरात माझी तीन पडायची. तेव्हापासून आमचं फिरणं असंच. हे पुढे, मी मागे, आणि खांबाशी पोचलं की “शहाण्णव”. पंच्याण्णव नाही, सत्त्याण्णव नाही. हातात पिशव्या असोत, अंगात ताप असो, शहाण्णवच. मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, “अहो, खांब काय रात्रीतून पळून जातो का, रोज मोजायला?” तर म्हणाले, “खांब नाही गं, पाय तपासतोय.”

एक गोष्ट मात्र सांगून ठेवते, कारण पुढे ती लागणार आहे. यांच्याकडे लाल मुठीची एक पक्कड होती, जिवापाड जपलेली. सव्वीस वर्षांपूर्वी ती हरवली. आळ कुणावर, तर माझ्यावर. मी म्हणे ती भंगारवाल्याला दिली. मी नाही दिली, हे मी सव्वीस वर्षं सांगतेय. घरात कुठलीही वस्तू सापडेनाशी झाली की हे छताकडे बघून म्हणायचे, “गेली असेल पक्कडीच्या वाटेनं.” असा माणूस.

मग हे निवृत्त झाले. घरोघरचे टेलिफोन गेले, खात्याच्या ऑफिसात कुणीतरी गोदाम केलं. दोन वर्षांपूर्वी यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी बजावलं, काठी घेऊन चाला, जिना जपून उतरा आणि स्टुलावर चढायचं नावही काढू नका. हे चालायला लागले तसे आम्ही पुन्हा कोपऱ्यापर्यंत जायला लागलो. पण खांबाशी पोचलं तरी हे गप्प. आकडा नाही. मला आधी बरं वाटलं, सुटले म्हटलं एकदाची. महिनाभरानं तेच टोचायला लागलं. विचारलं तर म्हणाले, “हॉस्पिटलात चालायला शिकवणारी मुलगी माझ्यासमोर उभं राहून एक, दोन, तीन म्हणायची, लहान मुलाला म्हणतात तसं. विटलो मी.” पुढे मीही विषय काढला नाही.

आता लेकीबद्दल. आमची बबडी, चौतीस वर्षांची, पण घरात बबडीच. बबडी दात करते. हसू नका, मीही आधी हसले होते. मोठ्या शहरात दातांची एक लॅब आहे. तिथे ठिकठिकाणच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या जबड्यांची स्कॅन येतात, ती कॉम्प्युटरवर बबडीकडे येतात आणि बबडी पडद्यावर त्या जबड्यात बसणारा दात घडवते. ओळखपाळख नसलेल्या माणसांचे जबडे आमच्या मागच्या खोलीत आ वासून बसलेले असतात. गल्लीतल्या दोन मुलींना तिनं हाताखाली घेऊन शिकवलं, त्याही आता सुरेख दाढा करतात.

पण स्कॅन म्हणजे जड प्रकरण. आमच्याकडचं इंटरनेट असं की नाश्त्याला एक जबडा उतरवायला लावला तर जेवणाच्या वेळी अर्धा यायचा, नुसता वरचा. बबडी लॅपटॉप पाठीला लावून स्कूटरनं पाण्याच्या टाकीपाशी जायची, कारण तिथे जरा बरं पकडतं. ऊन असो, वारा असो, कठड्यावर बसून दात पाठवायची. शेवटी लॅबच्या बाईंनी सांगितलं, या महिनाअखेरपर्यंत तुझ्याकडे धड लाइन आली तर ठीक, नाहीतर इथे येऊन बस, टेबल देते. त्यांचंही चुकलं नव्हतं. पेशंट तोंड उघडून किती दिवस बसणार.

त्या संध्याकाळी बबडीनं माळ्यावरची मोठी निळी बॅग खाली काढली आणि दाराजवळच्या बोळात ठेवली. काही भरलं नाही, नुसती ठेवली. आम्ही तिघं तिला वळसा घालून ये-जा करायचो आणि कुणी तिच्याबद्दल अक्षर काढायचं नाही. बबडी गेली तर त्या दोन मुली घरी बसणार, आणि मी आणि हे एकमेकांची तोंडं बघत बसणार. रडू नाही यायचं मला, राग यायचा. कुणावर ते कळत नव्हतं म्हणून बॅगेला लाथ मारायचे जाता-येता.

आमच्या शहराचं तेव्हा हेच चाललं होतं. छापखाना बंद पडला, खोक्यांचा कारखाना दुसरीकडे गेला, आणि सोमवारी पहाटेच्या बसला तरुण पोरापोरींची ही रांग. मोठ्या कंपनीचा एक माणूस येऊन गेला होता. बूट असे चकचकीत की त्यात आपलं तोंड दिसावं. त्यानं दोन दिवस फिरून सांगितलं की तुमचं शहर आमच्या हिशोबात बसत नाही. वाचनालयात सभा भरली, लोक तावातावानं बोलले आणि सुतारकाम करणारी एक बाई उठून म्हणाली, “त्यांच्या हिशोबात बसत नसेल तर आपण आपल्या हिशोबात बसवू.” झालं. शहरानं स्वतःचीच लाइन घालायची ठरवली. नगरपालिका आणि लोक मिळून संस्था काढली, घरटी एक वाटा घेतला. मीसुद्धा घेतला, आणि मी सहसा कशात पडत नाही.

त्या कामावर एक इंजिनीअर मुलगी नेमली होती. केस बांधलेले, बूट चिखलानं भरलेले, बोलणं तुटक. ती एका सकाळी आमच्या दारात उभी. आत येऊन माझ्या शिवणाच्या मशिनजवळ स्टुलावर बसली आणि यांना म्हणाली, “काका, टेलिफोनचे जुने पाइप अजून जमिनीखाली धड आहेत. त्यातून काचेची तार ओढली तर रस्ते फोडायला लागत नाहीत. पण नकाशे नाहीत. ऑफिसच्या तळघरात पाणी शिरलं तेव्हा त्यांचा लगदा झाला. खात्यातले जुने लोक म्हणतात, फूटपट्टीला विचारा.”

यांनी डोळे मिटले आणि सुरू झाले. कुठल्या चौकात पाइप कुठे वळतो, कुठलं चेंबर कुठल्या दारासमोर, सगळं घडाघडा. ती लिहून घेता घेता दमली. चार दिवसांत यांच्या सांगण्यावरून नदीपलीकडचं सगळं सापडलं, कारण तिकडची झाकणं जुन्या फरसबंदीत होती, हे बोट दाखवायचे आणि ती दिसायची. अडलं ते अलीकडे, आमच्या भागाकडे येणाऱ्या पाइपापाशी. तो पूल ओलांडून येतो आणि मोठ्या रस्त्यातल्या एका चेंबरमधून आमच्याकडे वळतो. ते झाकण डांबराखाली. मुलीनं लोखंड शोधायचं यंत्र आणलं, तर ते दर हातावर बोंबलायला लागलं. खाली जुन्या नळांचं इतकं लोखंड.

“पावाच्या दुकानाच्या पायरीपासून बावन्न,” हे म्हणाले. “पुलाच्या कठड्यापासून एकशे चार. झोपेतून उठवून विचारा.”

रस्ता चारच महिन्यांपूर्वी केलेला, गुळगुळीत. रस्तेवाल्यांनी लिहून दिलं होतं, तीन खड्डे खणा, चौथा नाही. तिसऱ्यातही मिळालं नाही तर आमचा भाग पुढच्या टप्प्यात, म्हणजे पुढच्या वर्षी, जमलं तर. महिना संपायला तेव्हा सोळा दिवस होते.

पहिल्या खड्ड्याला निम्मी गल्ली जमली. यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पायरीला टाच लावली, काठी टेकत निघाले, ओठ हलताहेत, बावन्नला थांबले आणि जुन्यासारखी टाच आपटली. “इथं.” खणलं. दगड, माती, एक फुटका नळ. झाकण नाही.

“खालचं खचलं असेल,” कुणीतरी म्हणालं. यांनी ऐकूनच घेतलं नाही. दुसऱ्या दिवशी पुलाच्या कठड्यापासून निघाले. त्या दिवशी मीही बरोबर होते, पाण्याची बाटली घेऊन. एकशे चारला थांबले. खणलं. माती. आणि वाईट म्हणजे तो खड्डा पहिल्या खड्ड्यापासून चांगला एकोणतीस मीटर लांब निघाला. एकाच झाकणाचे दोन पत्ते.

मग लोकांचा सूर बदलला. असा सूर मला कळतो. कुणी टाकून बोललं नाही, उलट सगळे फारच गोड बोलायला लागले. पाववाला म्हणाला, “काका, बसा जरा सावलीत.” कुणीतरी मागे हळूच म्हणालं, “वय झालं. डोक्यातून गेलं असेल.” हळूच म्हणणाऱ्यांना वाटतं म्हाताऱ्यांना ऐकू येत नाही.

घरी आल्यावर हे पलंगाच्या कडेला बसून राहिले. जेवताना दोन घास खाल्ले. मग मला म्हणाले, “आपल्या शेजारी पूर्वी शाळामास्तर राहायचे, त्यांचं नाव काय गं?” मी सांगितलं. “हो, मला आठवत होतं,” म्हणाले. थोड्या वेळानं आणखी एक नाव. मग आणखी एक. हे स्वतःची परीक्षा घेत होते. गुडघे गेले तेव्हा हा माणूस हसत होता, आणि आता घाबरला होता. बबडी म्हणाली, “बाबा, जाऊ द्या. मी काय परदेशी चालले नाही. दर रविवारी येईन.” तर म्हणाले, “तुझ्या जाण्याचं नाही बोलत मी.” पण तेच बोलत होते.

मी मशिनवर जाऊन बसले. डोकं तापलं की मला शिवायला लागतं. एका गिऱ्हाइकाच्या पँटची लांबी घ्यायची होती. गळ्यातली टेप लावली, खूण केली आणि सवयीनं ती टेप भिंतीवरच्या लाकडी पट्टीशी ताडून बघितली. आमच्या धंद्यात हे करावंच लागतं. कापडी टेप ओढून ओढून लांबते, त्यावरचे आकडे सगळे जागच्या जागी असतात आणि माप तरी चुकतं. माझी पहिली टेप अशीच बोटभर लांबली होती आणि मी एका बाईंचे चार कोट आखूड करून ठेवले होते.

तिथेच माझा हात थांबला. दुपारी पुलावरून येताना मी कुठे चालत होते? यांच्या शेजारून. ज्या माणसाच्या मागे जन्मभर धापा टाकल्या त्याच्या शेजारून चालले, बाटली हातात घेऊन, आणि मला साधी धापसुद्धा लागली नाही. गेली दोन वर्षं रोज शेजारून चालतेय आणि माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. मी कपाळाला हात लावला.

पण सांगायचं कसं? हा माणूस भलता मानी. पाय तोकडे पडले म्हटलं तर आठवडाभर तोंडाला कुलूप. मी सकाळपर्यंत धीर धरला, जो माझ्याजवळ फारसा नसतो.

सकाळी चहा झाल्यावर म्हटलं, “चला, कोपऱ्यापर्यंत.”

“नको.”

“चला म्हणतेय ना. आणि मोजा.”

“आता काय मोजायचं राहिलंय?”

“मी कधी काही मागितलं तुमच्याकडे?” म्हटलं. मागितलं होतं, पुष्कळदा, पण वेळ अशी की त्यांनी वाद घातला नाही.

पायरीला टाच लावून निघाले. मी शेजारी. आधी पुटपुटत होते, मग आवाज फुटला. साठ, सत्तर, ऐंशी. नव्वदनंतर त्यांचा आवाज बारीक झाला, कारण समोर खांब दिसत होता आणि तो जवळ नव्हता. शहाण्णवला हे थांबले. आम्ही कुलपं दुरुस्त करणाऱ्याच्या दुकानासमोर उभे होतो. खांब तिथून कितीतरी पुढे.

“चुकलो मी मोजताना,” म्हणाले. चेहरा पांढरा पडला होता.

“नाही चुकलात. मी ऐकत होते. पुढे चला.”

सत्त्याण्णव, अठ्ठ्याण्णव. शंभर. लोक कामाला निघाले होते, आमच्याकडे बघत होते. एकशे वीस. एकशे अठ्ठावीसला यांचा हात खांबाला लागला.

“एकशे चव्वेचाळीस,” मी म्हटलं.

“काय?”

“माझी. नेहमी तेवढीच होतात.”

हे माझ्याकडे वळले. “तू मोजायचीस?”

“पहिल्या दिवसापासून. तुम्ही पाय तपासायचात, मग तुम्हाला कोण तपासणार? खांब तिथेच आहे, पायरी तिथेच आहे. तुमचे आकडेही जिथल्या तिथे आहेत. टेप तेवढी आखूड झालीय.”

खरं तर माझी त्या दिवशी एकशे सत्तेचाळीस झाली होती. पण ते त्यांना कशाला सांगू?

मला वाटलं आता चिडतील. हे खांबाला टेकले, एकदा घराकडे बघितलं, एकदा गुडघ्यांकडे, आणि हसायला लागले. असे हसायला लागले की कुलूपवाला बाहेर आला. “म्हणजे डोकं शाबूत आहे गं,” म्हणाले, “नुसते पाय गेलेत.” पाय गेल्याचा एवढा आनंद झालेला माणूस मी दुसरा बघितला नाही. मला मात्र रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही.

तसेच आम्ही मोठ्या रस्त्यावर गेलो. इंजिनीअर मुलगी दोन खड्ड्यांच्या मधे उभी राहून फोनवर कुणाची तरी समजूत काढत होती. पाववाला होता, खणणारे होते, रस्तेवाल्यांचा माणूस घड्याळ बघत होता. मी म्हटलं, मी सांगते. हे म्हणाले, “तू थांब.” आणि सगळ्यांदेखत, खणखणीत आवाजात म्हणाले, “मॅडम, दोन्ही आकडे बरोबर आहेत. माझं पाऊल तोकडं झालंय. ऑपरेशननंतर. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं. हिच्या आलं.”

चौतीस वर्षांत या माणसानं माप चुकलं असं म्हटलेलं कुणी ऐकलं नव्हतं. मुलगी वही उघडत पुढे आली. मग तिनं विचारलं, “जुनं पाऊल केवढं होतं ते कसं कळणार?”

“आमच्या पायरीपासून कोपऱ्यावरच्या खांबापर्यंत टेप लावा आणि शहाण्णवनं भागा.”

तिनं टेप लावली. बाहत्तर मीटर भरलं. भागलं तर पाऊण मीटरला एक पाऊल, अगदी तंतोतंत. ती स्वतःशीच म्हणाली, “साधं त्रैराशिक. शाळेतलं.” आणि पाववाल्याच्या पायरीपासून एकोणचाळीस मीटर मोजून खडूनं फुली मारली. मग पुलाच्या कठड्यापासून अठ्ठ्याहत्तर मोजले. टेप त्याच फुलीवर येऊन थांबली.

रस्तेवाल्यांचा माणूस म्हणाला, “हा शेवटचा, बरं का.” यांनी काठी माझ्याकडे दिली आणि फुलीवर टाच आपटली.

डांबर निघालं, खडी निघाली, आणि पहार ठण्ण वाजली. तो आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकला. मला घरी बसून इतकी वर्षं वाटायचं, काय एवढं त्यात. आहे त्यात. पाववाला टाळ्या वाजवत होता. मुलीनं यांचा हात दोन्ही हातांत धरला आणि सोडेना.

झाकण उचललं. आत कोरडं, पाइपाची तोंडं स्वच्छ. खणणाऱ्यांपैकी एक जण आत उतरला, बॅटरी फिरवली आणि म्हणाला, “इथे कडेच्या खोबणीत काहीतरी ठेवलंय.” हात वर करून त्यानं ते दिलं. गंजलेलं होतं, पण मूठ अजून लाल होती.

आयुष्यात इतकं गप्प बसायला मला कधी जमलं नव्हतं. हे पक्कडीकडे बघत होते, मग डांबराकडे, मग पुलाकडे. माझ्याकडे सोडून सगळीकडे. शेवटी मुलगीच म्हणाली, “काका, ही तुमची का?” तेव्हा म्हणाले, “हो. आणि मला आता घरी गेल्यावर बराच वेळ काहीतरी ऐकायचंय.” ऐकवलं मी, सावकाश, सव्वीस वर्षांचं. पक्कड आता माझ्या मशिनच्या खणात असते.

बाकी सगळं भराभरा झालं. मुलीनं यांना तार बघायला बोलावलं. केसासारखी बारीक काच, यांनी चष्मा काढून, घालून, पुन्हा काढून बघितली आणि म्हणाले, “यातून माणसाचा जबडा जातो?” पाइपातून दोर ओढताना दोराचं टोक यांच्याच हातात दिलं. महिना संपायला तीन दिवस होते तेव्हा एका मंगळवारी आमच्या मागच्या खोलीत एक पांढरी डबी लागली आणि तिच्यावर हिरवा दिवा पेटला. बबडी खुर्चीत बसली. तिच्या हाताखालच्या दोन्ही मुली मागे, हे काठी धरून, मी दारात. तिनं एक स्कॅन उघडायला लावलं आणि सवयीनं उठून चहा ठेवायला निघाली. ती दारापर्यंत आली नाही तोच मागून एक मुलगी म्हणाली, “ताई, आला. खालचासुद्धा.”

बबडीनं लॅबच्या बाईंना फोन लावला. “मी येत नाही,” म्हणाली. “टेबल दुसऱ्या कुणाला द्या. जबडे इकडे पाठवा, असतील तेवढे.” बोलताना हसत होती आणि नाक ओढत होती. आता तिच्या हाताखाली सहा जणी आहेत. बंद छापखान्यात खुर्च्या-टेबलं लागली, तिथे पोरं बसून कुठल्या कुठल्या देशांची कामं करतात, आणि ती सुतारबाई परगावच्या लोकांना पडद्यावर कपाटं दाखवून विकते. सोमवारची बस अजून भरते, नाही असं नाही, पण आता बसायला जागा मिळते म्हणे.

त्या मंगळवारी मात्र मला एकच काम आठवलं. सगळे खोलीत गलका करत असताना मी बोळात गेले. म्हटलं, ती निळी बॅग आधी डोळ्यांसमोरून हलवावी. बॅगेची जागा रिकामी. वर बघितलं तर बॅग माळ्यावर, पार मागे सरकवलेली. आणि खाली माझं शिवणाचं स्टूल, त्यावर हे उभे, दोन्ही हात माळ्याच्या कडेला, काठी कोपऱ्यात.

“अहो, डॉक्टरांनी काय सांगितलंय?” मी ओरडले.

“दोन पावलं होती,” हे म्हणाले. “एक स्टुलाच्या दांडीवर आणि एक स्टुलावर. मोजून चढलो.”

मी त्यांची कंबर घट्ट धरली आणि म्हटलं, “आता उतरताना मोठ्यानं मोजा.”